कन्नड येत नाही आणि दाढ ठणकतेय: बेळगाव भागात नव्यानं आलेल्यांसाठी

इतर डॉक्टरांकडे भाषा अडली तरी हातवारे करत का होईना, शेवटपर्यंत बोलता येतं. दाताच्या डॉक्टरांकडे तसं नाही. खुर्चीत आडवं झालं, तोंडात आरसा आणि लाळ ओढणारी नळी गेली की पुण्याच्या माणसाला पुण्यातल्या डॉक्टरांशीसुद्धा ‘आं, ऊं’च्या पलीकडे बोलता येत नाही. त्यामुळे कन्नड न येणाऱ्याला हा दवाखाना वाटतो तेवढा अवघड नाही. जे काही बोलायचं ते तोंड उघडायच्या आधी बोलून घ्यायचं, एवढंच. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल आहे.

हे बदलीवर, नोकरीला, शिकायला किंवा लग्न होऊन महाराष्ट्रातून बेळगाव जिल्ह्यात आलेल्यांसाठी आहे. बँकेतली, साखर कारखान्यातली, शाळेतली माणसं आणि त्यांच्याकडे राहायला येणारे आईवडीलही त्यात आले.

आधी तुम्ही नेमके कुठे आहात ते बघा

‘बेळगावात मराठी चालतं’ हे अर्धंच खरं. शहरात टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ, खडेबाजार इथं दाताच्या दवाखान्यात मराठीत सुरुवात केलीत तर कुणी मान वर करूनही बघणार नाही. खानापूर, निपाणीत तर प्रश्नच नाही. संकेश्वर, चिक्कोडी, रायबाग, अथणी, कागवाड या पट्ट्यात डॉक्टर घरी कन्नड बोलणारे असले तरी मराठी पेशंट रोजचे, म्हणून कामापुरतं मराठी येतंच. खरी अडचण पूर्वेला सुरू होते: गोकाक, मुडलगी, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग. तिथं डॉक्टरांना हिंदी-इंग्रजी येईल, पण काउंटरवरच्या मुलीला किंवा मदतनीस मावशींना येईलच असं नाही, आणि पहिली गाठ त्यांच्याशीच पडते.

पाटीवरून अंदाज बांधू नका. पाटीवर किमान ६० टक्के कन्नड असावी असा इथला कायदा आहे, त्यामुळे आतले डॉक्टर घरी मराठी बोलत असले तरी पाटी कन्नडच दिसणार. आडनावावरूनही काही कळत नाही. पाटील, देसाई, कुलकर्णी, देशपांडे इथं दोन्हीकडे आहेत. लिपी वाचता येत नसेल तर दाताचं चित्र आणि नावापुढची बीडीएस किंवा एमडीएस ही दाताच्या डॉक्टरांच्या पदवीची अक्षरं शोधा. रिक्षावाल्याला ‘हल्लिन दवाखानी’ म्हणालात की बरोबर सोडतो. हल्लु म्हणजे दात, आणि दवाखान्याला या भागातल्या कन्नडमध्ये दवाखानीच म्हणतात.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. ‘मराठी येत नाही होय?’ या सुरात बोलणं सुरू करू नका. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तुमची दाढ तेवढी थांबणार नाही.

‘कोल्हापूरला गेल्यावर बघू’

नव्यानं आलेल्यांचं हे ठरलेलं उत्तर. बेळगाव ते कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, हायवे चांगला, दोन तासांत पोचता येतं, मग आपल्या ओळखीच्या डॉक्टरांनाच दाखवू म्हणून लवंग चावत माणसं दिवाळीची वाट बघतात. कागवाड-उगारच्या माणसानं मिरजेला जाणं समजू शकतं, ते त्याच्या अंगणातच आहे. निपाणीकरानं कोल्हापूर गाठलं तरी ठीक. पण सौंदत्तीत राहणाऱ्यानं हा हिशोब करू नये. रूट कॅनाल बऱ्याचदा दोन-तीन फेऱ्यांत होतं. मधल्या काळात दाताला तात्पुरतं सिमेंट भरलेलं असतं, ते पडलं तर दुसऱ्याच दिवशी जावं लागतं. दाताचं काम राहत्या गावात केलेलंच बरं.

काही वेळा तर वाट बघायचीच नाही. गालाची सूज डोळ्याकडे किंवा हनुवटीखाली गळ्याकडे सरकायला लागली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, ताप भरला किंवा श्वास जड झाला, तर गल्लीतला दवाखानाही शोधत बसू नका. मोठं रुग्णालय गाठा. बेळगावात नेहरूनगरचं केएलईचं रुग्णालय आहे, सरकारी जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स आहे, आणि गाडी मिळत नसेल तर १०८. पडून-आपटून मोठ्या माणसाचा किंवा मुलाचा पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका, थंड दुधात बुडवून तासाभराच्या आत डॉक्टरांकडे न्या. जितकं लवकर तितकं बरं. भाषेची काळजी तेव्हा नको. पेल्यातला दात बघितला की काय झालंय ते सगळ्यांना कळतं.

कुठे दाखवायचं

जवळच्या दवाखान्याची चौकशी ऑफिसात करण्यापेक्षा घरमालकिणीकडे किंवा औषध दुकानात करा. कुठल्या दवाखान्यात कोण मराठी बोलतं, तेही तिथंच कळतं. भिंतीवर कर्नाटक राज्य दंत परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, ते बघून घ्या. बाजारात किंवा जत्रेत बसून ‘दात बसवून देतो’ म्हणणाऱ्यांकडे, ते कितीही गोड मराठी बोलत असले तरी, जाऊ नका. शेजारच्या चांगल्या दाताला चिकटवून बसवलेला तो दात पुढे चांगल्या दाताची आणि हिरडीची वाट लावतो.

वेळ असेल आणि खिसा बघून चालायचं असेल तर बेळगावात दोन दंत महाविद्यालयं आहेत: १९८५ साली सुरू झालेलं नेहरूनगरचं केएलईचं विश्वनाथ कत्ती दंत महाविद्यालय आणि बॉक्साइट रोडचं मराठा मंडळाचं नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय. काम विद्यार्थी करतात, शिक्षक तपासतात. खर्च कमी, वेळ जास्त. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो आणि अर्धा दिवस जातोच. तिथली एक गंमत म्हणजे तुम्हाला तपासणारा विद्यार्थी केरळचा किंवा दिल्लीचा असू शकतो, आणि त्यालाही कन्नड येत नसतं. तिथं मोडकी हिंदी हीच सगळ्यांची भाषा. घरात दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असलेले, सगळे दात गेलेले वयस्कर कुणी असतील तर ‘दंतभाग्य’ या मोफत कवळीच्या सरकारी योजनेची चौकशी महाविद्यालयाच्या काउंटरवर करा.

चिठ्ठी: सगळ्यात महत्त्वाचं काम

घरी शांत बसून एका कागदावर लिहा. मोडक्या इंग्रजीत चालेल. बीडीएसचा सगळा अभ्यास इंग्रजीतच होतो, त्यामुळे गोकाकच्या डॉक्टरांना तुमचं मराठी कळलं नाही तरी ही चिठ्ठी कळते. ऑफिसातल्या कुणी कन्नडमध्ये लिहून दिली तर काउंटरवरही उपयोग होतो.

चिठ्ठीत दुखण्याची विशेषणं घालू नका. ठणका, कळ, सणक, शिवशिव, दात आंबणं यांतला फरक आपल्याला नेमका कळतो, पण तो दुसऱ्या भाषेत नेताना हरवतो, आणि मोबाईलमधलं भाषांतर तर त्याचं काहीही करून ठेवतं. त्याऐवजी काय केलं की दुखतं ते लिहा. गार पाणी प्यायलं की दुखतं आणि लगेच थांबतं. गरम चहा घेतला की दुखायला लागतं ते पाच-दहा मिनिटं थांबत नाही. चावलं की दुखतं. रात्री झोपेतून उठवतं. ही चार वाक्यं डॉक्टरांना जवळजवळ अर्धं निदान सांगून जातात. गार लागून चटकन थांबणारं दुखणं बऱ्याचदा नुसत्या भरण्यानं भागतं. गरमानं रेंगाळणारं आणि रात्री उठवणारं असेल तर गोष्ट दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलेली असण्याची शक्यता मोठी.

सासूबाईंसाठी मी केलेली चिठ्ठी साधारण अशी होती:

वय ६८. खाली उजवीकडे, मागून दुसरी दाढ. ४ दिवस.
गरम लागलं की दुखतं, थांबत नाही. रात्री झोप नाही.
सूज नाही. ताप नाही.
शुगर आहे. गोळ्या चालू, पट्ट्या सोबत आणल्यात.
बीपी आहे. रक्त पातळ करायची गोळी रोज.
पेनिसिलिननं अंगावर पुरळ आलं होतं.
आज फक्त तपासणी. दात काढायचा असेल तर आधी मुलाला फोन करा. (खाली नंबर.)

यातल्या शेवटच्या ओळीकडे पुन्हा येते. आधी दात कसा दाखवायचा ते. डॉक्टर तोंडाचे चार भाग करतात: तुमची उजवीकडची वरची बाजू १, डावीकडची वरची २, डावीकडची खालची ३, उजवीकडची खालची ४. मग पुढच्या मधल्या दातापासून मागे १ ते ८ मोजायचं. म्हणजे खाली उजवीकडचा सहावा दात, पहिली मोठी दाढ, झाला ४६, आणि म्हणताना ‘फोर-सिक्स’. दुधाच्या दातांचे भाग ५ ते ८. हा आकडा कन्नड, मराठी, मल्याळम सगळ्यांना एकच, आणि तुमच्या केसपेपरवरही तोच लिहिला जातो. मात्र आधी एखादा दात काढलेला असेल तर मोजणी चुकते. म्हणून आकडा लिहिलात तरी बोटानं दाखवाच. आणि कधीकधी खालच्या दाढेचं दुखणं वरच्या दाढेत जाणवतं, तेव्हा डॉक्टर भलत्याच दातावर ठोकून बघायला लागले तर ‘तो नाही, तो नाही’ करत त्यांचा हात ढकलू नका. कुठला दात दुखतो ते शोधायचीच ती रीत आहे.

औषधांची नावं पाठ म्हणण्याच्या भानगडीत पडू नका, पट्ट्या पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करायची गोळी दात काढायचा म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. ती थांबवायची की नाही हे दाताचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतात. शुगर असलेल्यांनी उपाशी जाऊ नये. नेहमीची गोळी आणि नाश्ता घेऊन, शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. बाई गरोदर असेल तर कितवा महिना ते पहिल्याच ओळीत, ठळक. एक्स-रे आणि औषधं दोन्ही त्यावर ठरतात.

आणि तंबाखू. निपाणी ही विडीच्या तंबाखूची पेठ. मिश्री, गुटखा, मावा हे आपल्याकडच्यांना आणि तिकडच्यांना सारखंच लागू आहे, आणि शब्दही तोच, ‘तंबाकु’. विचारलं तर खरं सांगा. सुनेसमोर सासूबाई मिश्रीला नाही म्हणतात, हे डॉक्टरांनाही माहीत असतं, पण तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर ते चिठ्ठीत आलंच पाहिजे.

काउंटरवर

चपला बाहेर काढायच्या का ते आधी दारातल्या चपलांकडे बघून ठरवा. आत गेल्यावर पहिलं वाक्य त्यांच्या भाषेत: ‘ननग कन्नड बरंगिल्लरी, मराठी बरतैतेनरी?’ मला कन्नड येत नाही, तुम्हाला मराठी येतं का? उच्चार चुकला तरी चालतं. शेवटचं ‘री’ मात्र गाळू नका, तो आपला ‘हो’ किंवा ‘जी’ आहे आणि त्यावरच इथला सगळा आदर तोलला जातो. बाईला ‘अक्का’, वयस्कर गृहस्थांना ‘अण्णा’, आत ‘सर’ किंवा ‘मॅडम’. एवढ्यानं बऱ्याचदा आतून कुणीतरी मराठी बोलणारं बोलावलं जातं. नाहीच बोलावलं तर वेटिंगमधल्या बाकावर एखादी मराठी बाई निघतेच, आणि ती तुमचं दुभाषाचं काम आनंदानं करते. कधीकधी जरा जास्तच आनंदानं. तुमच्या दाढेचा इतिहास मग सगळ्या बाकाला कळतो, त्याला इलाज नाही.

घरच्या शाळकरी पोराला दुभाषा करू नका. शाळेत कन्नड शिकतोय म्हणून आपण त्याला पुढे करतो, पण आजीचा दात काढायचा की नाही हे त्या दहा वर्षांच्या पोरानं सांगायचं का? कन्नड येणाऱ्या सहकाऱ्याला आधी सांगून ठेवा आणि खुर्चीत बसण्यापूर्वी फोन स्पीकरवर लावा. मोबाईलचं भाषांतर वापरायचं तर एका वेळी एकच लहान वाक्य, ‘नाही’ असलेलं वाक्य दोनदा तपासून. मशीन सुरू झाल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही, घरघर सुटली की माणसाचंच ऐकू येत नाही.

खुर्चीत

बसण्याआधी एक खूण ठरवून घ्या: डावा हात वर म्हणजे थांबा. हात वर करून दाखवा, ‘तडीरी’ म्हणा, म्हणजे ‘थांबा’, आणि डॉक्टरांनी मान डोलावली की झालं. डावाच हात का? कारण डॉक्टर बहुतेक तुमच्या उजव्या बाजूला असतात. दुखलं म्हणून उजवा हात झटकन वर आला तर तो त्यांच्या हातातल्या हत्यारावर आदळतो. हे एवढं केलं की निम्मी भीती जाते.

डॉक्टर बोलतील ते शब्द थोडेच, आणि दर दोन मिनिटांनी तेच. कुंदरी म्हणजे बसा. बाय तेगीरी म्हणजे तोंड उघडा, मुच्चरी म्हणजे मिटा. उगुळरी म्हणजे थुंका, मुक्कळिसरी म्हणजे चूळ भरा. अल्लाडब्याडरी म्हणजे हलू नका. कापसाचा बोळा ठेवल्यावर गट्टि हिडीरी म्हणजे घट्ट धरा. तुम्हाला विचारतील ते ‘नोवु ऐतेनरी?’, दुखतंय का? होय असेल तर हौदरी, नाही तर इल्लरी. तोंडात हत्यार असताना बोलण्याऐवजी बोटानं एक म्हणजे होय, दोन म्हणजे नाही, असंही ठरवता येतं. मला तेच सोपं वाटतं.

बधिर करायचं इंजेक्शन खालच्या जबड्यात दिलं की अर्धा ओठ आणि जिभेची एक बाजू जड होते. नवा माणूस आरशात बघून घाबरतो, तोंड वाकडं झालं म्हणतो. दोन-तीन तासांत, कधी थोडं जास्त लागून, ते आपोआप उतरतं. तोवर काही खाऊ नका, गरम पिऊ नका; गाल चावला जातो आणि कळत नाही. लहान मुलांवर तर लक्षच ठेवावं लागतं, ती त्या बधिर ओठाशी चावून खेळत बसतात. इंजेक्शननंतर छाती थोडी धडधडली तर तीही बहुतेक त्या औषधामुळेच, पण हात वर करून सांगा.

‘हं, हं’ म्हणू नका

सासूबाईंच्या चिठ्ठीतली ती शेवटची ओळ उगाच नाही. साताऱ्याहून मुलाकडे राहायला आलेल्या एका आजींबरोबर मी बैलहोंगलला गेले होते. डॉक्टर एक्स-रे दाखवून कन्नडमधून समजावत होते, आणि आजी प्रत्येक वाक्याला मान हलवून ‘हं, हं’ करत होत्या. आपल्याकडे मोठ्यांचं ऐकताना करतात तसं. डॉक्टरांना वाटलं आजींनी होकार दिला. मदतनीस बाईनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, तेव्हा आजी मला विचारतात, ‘अगं, हे आज नुसतं बघणार होते न्हवं?’ दाढ हलत होती, काढायचीच होती, पण आजींच्या पोटात अन्नाचा कण नव्हता आणि शुगरची गोळी घेतलेली होती. डॉक्टरांना थांबवलं, आजींना खायला घालून संध्याकाळी परत नेलं.

तेव्हा कळलं नाही तर मान हलवू नका. हात आडवा करा, ‘ब्याडरी’ म्हणा, म्हणजे नको, आणि कागद-पेन पुढे करा. काय झालंय, काय करणार, किती फेऱ्या, किती पैसे, आणि आज नाही केलं तर काय होईल, एवढं कळल्याशिवाय पुढचं काही नको. डॉक्टरही कागदावर दात काढून दाखवतात, मुळं, नस, खाली पू कुठं साठलाय ते. वाईट चित्र असलं तरी बोलण्यापेक्षा लवकर कळतं.

पैशाचं तर लिहूनच घ्या. ‘एष्टागतैतरी?’, म्हणजे ‘किती होतील?’, विचारायला सोपं आहे, उत्तर कळायला कठीण, कारण आकडे भराभर येतात. साविर म्हणजे हजार, ऐनूरु म्हणजे पाचशे, एवढं कानात ठेवा, पण रक्कम कागदावरच बघा. रूट कॅनालच्या रकमेत वरची कॅप धरलीय की वेगळी, हे नेमकं विचारा. बहुतेक भांडणं इथंच होतात आणि त्यात भाषेचा दोष नसतो. कॅपही धातूची, धातूवर पांढरा मुलामा दिलेली, झिरकोनियाची अशी वेगवेगळ्या भावाची असते. मागच्या दाढेला धातूची साधी कॅप दिसायला वाईट पण कामाला उत्तम, हे माझं मत. वेगवेगळे भाव सांगितले तर त्याला दुकानदारी समजून घाबरू नका आणि महागडीच हवी असा हट्टही धरू नका. पैसे फेरीगणिक द्यायचे की आधी, तेही त्याच कागदावर.

औषधं आणि घरी आल्यावर

औषधाच्या चिठ्ठीवर १-०-१ असं लिहिलेलं असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे कुठल्याही गावात सारखंच. दुकानदार तोंडी सांगेल तेव्हा मुंजाने म्हणजे सकाळ, मध्यान्न म्हणजे दुपार, रात्रि म्हणजे रात्र, आणि ‘ऊटा आदम्याल’ म्हणजे जेवल्यावर. दुखण्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नका. मेट्रोनिडाझोल दिली असेल तर ती चालू असताना दारूला हात लावायचा नाही. पेनिसिलिनची अलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगितलं असलं तरी दुकानदारालाही पुन्हा सांगा. अलर्जी हा शब्द सगळ्यांना कळतो.

दात काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. लाळ गिळायची, थुंकत राहायचं नाही. थुंकलं की जखमेवर बसलेली रक्ताची गुठळी निघते आणि रक्त परत सुरू होतं. पहिला दिवस गरम नको, खळखळून चूळ नको, स्ट्रॉनं ओढून काही पिणं नको, तंबाखू तर नकोच. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा. रक्त थांबेना झालं तर नवा कापूस किंवा गॉज दाबून धरा आणि तरीही थांबलं नाही तर दवाखान्यात जा. कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं, तोंडाला वास यायला लागला, तर फोनवर समजावत बसू नका, सरळ जाऊन खुर्चीत बसा. बोट जखमेकडे दाखवलं तरी पुरतं.

तात्पुरतं सिमेंट भरलेल्या दातानं खायचं काय, हा इथला खरा प्रश्न. कडक जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरी, आणि गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची चिकट मिठाई, या दोन्हींनी ते सिमेंट उपटतं. रोट्टी फोडते, करदंट चिकटून ओढून काढतं. कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं चावू नका. मऊ भात, आमटी, ताक यावर दिवस काढा. कुंदा, ही बेळगावची दुधाची मिठाई, मऊ असतो म्हणून चालेल, पण खाल्ल्यावर चूळ भरा. पाहुण्याच्या घरी जोळद रोट्टी नको म्हणणं अवघड जातं, तेव्हा गालाकडे बोट दाखवून ‘हल्लु’ म्हणा, आग्रह थांबतो. बहुतेक.

पुढच्या वेळेची तारीख कार्डावर लिहून घ्या. ‘मत्त यावाग बरबेकरी?’, म्हणजे ‘परत कधी यायचं?’, विचारलं की कार्ड पुढे करायचं. निघताना एक्स-रेचा फोटो आणि कुठल्या दाताला काय केलं ते लिहिलेला कागद व्हॉट्सॲपवर मागून घ्या. बदली झाली, मध्येच गाव सोडावं लागलं, तर पुढचा डॉक्टर त्यावरूनच काम उचलतो, नाहीतर भरलेला दात पुन्हा उघडावा लागतो आणि पैसेही दुसऱ्यांदा.